दोन टनी इलेक्ट्रिक गाडी, ट्रॅक आणि तापणारे ब्रेक: प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

गाडी चार दारांची, दोन मोटरची, रोजच्या रस्त्यावरची. मी हेल्मेट घालून आत बसलो की एकूण वजन २१५० किलोच्या घरात जातं. हे काम हाती घेण्याचं कारण सरळ आहे: वीस मिनिटांचं सेशन पूर्ण चालवता यावं आणि शेवटच्या फेरीतही पहिल्या फेरीसारखाच ब्रेक लागावा. लॅपची वेळ किती कमी झाली हा या नोंदींचा विषय नाही.

काहीही विकत घेण्याआधी कागद-पेन्सिल घेतली. ब्रेक शेवटी एकच काम करतो, वेगाची उष्णता करतो. ती उष्णता किती, हे कळल्याशिवाय कुठला पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबला जाणारा घर्षणाचा तुकडा) घ्यावा हे विचारण्यात अर्थ नाही.

आमच्या ट्रॅकवर सगळ्यात जड ब्रेकिंग लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी होतं. ताशी १८० किलोमीटरवरून ७२ वर, म्हणजे सेकंदाला ५० मीटरवरून २० मीटरवर. वजन २१५० किलो धरून गतिज ऊर्जेतला फरक येतो २.२६ मेगाजूल. चांगल्या टायरवर हे सव्वातीन-साडेतीन सेकंदांत उरकतं, म्हणजे तेवढ्या वेळात ब्रेक सरासरी ६८० किलोवॅट जिरवत असतात. गाडीच्या दोन्ही मोटर मिळून एवढी ताकद देत नाहीत. तेच ब्रेकिंग १३५० किलोच्या हलक्या पेट्रोल गाडीने केलं तर १.४२ मेगाजूल. वळण तेच, वेग तोच, पण माझ्या डिस्कवर दीडपटीहून जास्त ओझं.

हवेचा आणि टायरचा विरोध यातले जेमतेम ०.०८ मेगाजूल खातो. उरलेल्यातले साधारण दोन तृतीयांश पुढच्या ब्रेकवर येतात, म्हणजे पुढच्या प्रत्येक डिस्कवर सुमारे ०.७३ मेगाजूल. डिस्कचा प्रत्यक्ष घासला जाणारा कडा सुमारे ८ किलोचा आहे. बिडाच्या एका किलोला एक अंश तापायला साधारण अर्धा किलोजूल लागतो. हिशोब केला: एका ब्रेकिंगमध्ये डिस्क १८० अंशांनी चढते. हे सगळं रिजन, म्हणजे मोटरनेच गाडी थोपवून बॅटरीत वीज परत भरणं, शून्य धरून.

ही वाढ सरासरी आहे. घासणारा पृष्ठभाग क्षणभर याहून बराच वर जातो आणि मग उष्णता आत मुरते. पुढच्या वळणापर्यंत हवा त्यातली थोडी घेऊन जाते, पण पुढचं ब्रेकिंग आधीच तापलेल्या डिस्कवर होतं. काही फेऱ्यांनंतर येणारी आणि जाणारी उष्णता एका पातळीवर जुळते. ती पातळी पॅड आणि ऑइल सोसू शकतात त्याच्या खाली ठेवायची, एवढंच हे काम. पण त्याला अनेक बाजू आहेत.

९ ऑगस्ट

रिजनचा हिशोब. शहरात गाडी चालवताना ब्रेक पेडलला आठवडाभर हात, म्हणजे पाय, लागत नाही असं वाटतं. त्यावरून "इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक तापतच नाहीत" हा समज तयार होतो. रस्त्यावर तो बऱ्याच अंशी खरा आहे. ट्रॅकवर तो मोडतो, आणि का मोडतो ते आकड्यांत दिसतं.

रिजनला मर्यादा असते ती किलोवॅटची: मोटर किती वीज तयार करू शकते आणि बॅटरी किती पोटात घेऊ शकते. माझ्या गाडीत लॉगरवर (आकडे नोंदवणाऱ्या यंत्रावर) ती ७० किलोवॅटच्या आसपास दिसते. ताशी ७२ ला ७० किलोवॅट म्हणजे ०.१७ जी (गुरुत्वाच्या ०.१७ पट) इतका ओढा, पायाखाली व्यवस्थित जाणवतो. ताशी १८० ला तेच ७० किलोवॅट म्हणजे जेमतेम ०.०७ जी. वेग जितका जास्त तितका रिजनचा ओढा कमी. जिथे ब्रेकची गरज सगळ्यात जास्त, नेमका तिथे तो सगळ्यात दुबळा.

सव्वातीन सेकंदांत ७० किलोवॅटने मिळतात ०.२३ मेगाजूल. २.२६ पैकी ०.२३. दहावा भाग. डिस्कची १८० अंशांची चढण त्यामुळे १६० वर येते. वीस अंश वाचले, ते नाकारत नाही, पण वीसच.

कारखान्यातून ट्रॅकसाठी म्हणून निघालेल्या गाड्या बघितल्या की यावर किती खोलवर विचार झालाय ते कळतं. २०१९ मध्ये आलेल्या पहिल्या पोर्शे टायकानचा रिजन २६५ किलोवॅटपर्यंत जातो. तेवढा मिळाला तर माझ्या या ब्रेकिंगमधला एक तृतीयांशाहून जास्त भार डिस्कवर येणारच नाही. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एनमध्ये रिजन एकटाच ०.६ जीपर्यंत गाडी थोपवू शकतो, आणि तरीही कंपनीने पुढे ४०० मिलिमीटरच्या डिस्क दिल्या आहेत. मला यातला दुसरा भाग जास्त बोलका वाटतो. एवढा ताकदवान रिजन हाताशी असूनही डिस्क लहान केलेली नाही.

माझा निर्णय आजच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मोह झाला तर इथे येऊन वाचता येईल: पॅड, ऑइल, हवा, सगळं रिजन शून्य आहे असं धरून बसवायचं. रिजनमुळे जे वाचेल ती शिल्लक.

१७ ऑगस्ट

गाडी आहे त्या अवस्थेत ट्रॅकवर. ऑइल, पॅड, डिस्क, सगळं कारखान्यातलं. ब्रेक कुठे आणि कसे हरतात ते बघायचंच होतं, म्हणून प्रत्येक मोठ्या ब्रेकिंगला नेहमीपेक्षा बरंच आधी पाय ठेवला आणि पुढे भरपूर मोकळी जागा राखली.

पहिल्या फेऱ्या उत्तम. मग लांब पट्ट्याच्या शेवटी पेडल नेहमीच्याच उंचीवर, नेहमीइतकंच कडक, पण गाडी थांबायला तयार नाही. पाय आणखी जोरात दाबला तरी थोडाच फरक. जळक्या राळेचा तिखट वास केबिनमध्ये. हा पॅडचा फेड. पॅडमधला बांधून ठेवणारा राळेसारखा पदार्थ त्याच्या मर्यादेपलीकडे तापला की त्यातून वायू सुटतात, घर्षण घसरतं. ऑइल ठीक असतं, दाब पूर्ण पोचतो, पण पॅड डिस्कला पकडत नाही.

तसंच चालवत राहिलो. पुढच्या फेरीत दुसरी गोष्ट सुरू झाली: पेडल लांब जाऊ लागलं. आधी बोटभर, मग त्याहून जास्त, स्पंजासारखं. दोनदा पटापट दाबलं की वर यायचं. हे ऑइल उकळल्याचं लक्षण. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड दाबणाऱ्या पकडीत, वाफेचा बुडबुडा झाला की पायाचा जोर आधी त्या बुडबुड्याला चिरडण्यात जातो. इथे मी थांबलो.

ज्यांना या दोन्हींतला फरक कधी जाणवलेला नाही त्यांनी एवढं तरी पाठ करावं: पेडल कडक पण गाडी थांबत नाही, तर पॅड. पेडल लांब किंवा मऊ, तर ऑइल. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पॅड बदलून ऑइलचं उकळणं थांबत नाही. उलट जास्त तापमान सोसणारा पॅड लावला की डिस्क आणखी तापवता येते, आणि ऑइलची पाळी आधी येते.

एक गोष्ट गाडीगणिक तपासावी लागते. माझ्या गाडीत रिजन फक्त पाय उचलल्यावर लागतो आणि पेडलचा मास्टर सिलिंडरशी (ऑइलवर दाब आणणाऱ्या पंपाशी) थेट यांत्रिक संबंध आहे, म्हणून ऑइलची अवस्था पायाला कळते. काही गाड्यांत पेडल पूर्णपणे वायरवर चालतं, पायाखाली जाणवतो तो एका स्प्रिंगचा दाब. तिथे ऑइल उकळलं तरी पेडल तसंच राहू शकतं. अशा गाडीत पायावर विसंबू नये, तापमान मोजण्याची सोय आधी करावी.

गाडी आत आणल्यावर पी दाबला नाही. पी दाबला की इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक लागतो, आणि तापून निघालेल्या मागच्या डिस्कवर पॅड चिकटून बसतात. एन मध्ये ठेवून चाकाला अडण लावली, दर मिनिटाला गाडी हातभर पुढे ढकलली. उभ्या गाडीला वारा लागत नाही, पण डिस्कमधली उष्णता कॅलिपरमध्ये मुरतच असते. कित्येकदा ऑइल ट्रॅकवर उकळत नाही, ते आत येऊन उभं राहिल्यावर उकळतं.

१८ ऑगस्ट

चाकं काढून बघितलं. पुढच्या डिस्कच्या कडेला मी आधीच तापमानाच्या रंगाचे तीन ठिपके लावले होते. हिरवा ४३० अंशांना बदलतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. पुढे तिन्ही बदलले आहेत. मागे फक्त हिरवा. म्हणजे पुढची डिस्क ६१० च्या वर गेली. रस्त्यासाठी बनवलेला पॅड ३५०-४०० च्या पुढे दम सोडू लागतो, त्यामुळे काल जे झालं ते व्हायलाच हवं होतं.

पुढचा डावा पॅड हातात घेऊन उजेडात नीट पाहिला. पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत. कडांना राखाडी-पांढरा पट्टा, तिथे नख लावलं की भुगा पडतो. मधून आडवी एक बारीक भेग. आणि पॅड एका टोकाला दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त झिजलेला. कॅलिपर तापून किंचित उघडतो, पॅड तिरपा दाबला जातो, त्याची ही खूण. मागच्या पत्र्यावरचा रंग जळून गेलाय, तिथूनच उष्णता पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून ऑइलमध्ये गेली.

डिस्कवर निळसर झाक आणि केसासारख्या भेगा. नख फिरवून बघितलं, अडकत नाही. भेगेत नख अडकलं किंवा भेग बाहेरच्या कडेपर्यंत पोचली की डिस्क बाद, तिथे विचार करत बसायचं नाही. जाडी मोजली, डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा अजून बरीच जास्त आहे.

पिस्टनवरचं धूळरोधक रबर एका ठिकाणी कडक झालंय. नवीन मागवलं.

२४ ऑगस्ट

ब्रेक ऑइल. माझ्या मते या संपूर्ण कामातला सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही इथेच होतं. डिस्क दिसते, कॅलिपरचा रंग दिसतो, ऑइल कुणाला दिसत नाही.

साधं ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि ते हवेतली आर्द्रता शोषतं. म्हणून उत्कलनबिंदू दोन सांगतात: कोरडा म्हणजे ताज्या ऑइलचा, आणि ओला म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी शोषलेल्या ऑइलचा. डॉट ४ या दर्जाच्या ऑइलसाठी किमान आकडे आहेत २३० आणि १५५ अंश सेल्सिअस. डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. म्हणजे जुनं झालेलं डॉट ४ पाण्याच्या उकळीपासून फार दूर नाही. शर्यतीसाठीच्या चांगल्या ऑइलचा कोरडा उत्कलनबिंदू ३०० च्या वर असतो. तेही ग्लायकॉलच्याच कुळातलं, डॉट ४ च्या जागी चालतं, फक्त वारंवार बदलावं लागतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं आहे. नाव ५.१ सारखं असलं तरी वस्तू वेगळी, एकात दुसरं मिसळायचं नाही.

इलेक्ट्रिक गाडीत आणखी एक अडचण आहे. रोजच्या वापरात ब्रेक जवळजवळ लागतच नाहीत, पॅड वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे ब्रेकच्या कामासाठी चाक कुणी खोलतच नाही. पॅड नवे दिसतात आणि आतलं ऑइल म्हातारं झालेलं असतं. पेट्रोल गाडीत पॅड बदलताना ऑइलकडे आपोआप लक्ष जातं, इथे ते मुद्दाम द्यावं लागतं.

धाकटा भाऊ पेडलवर बसला, मी चाकाशी. आधी मास्टर सिलिंडरच्या डबीतलं जुनं ऑइल पिचकारीने उपसून नवीन भरलं, म्हणजे जुनं सगळं पाइपांतून ओढावं लागत नाही. मग लांबच्या चाकापासून सुरुवात. निपलवर (कॅलिपरवरच्या ऑइल सोडण्याच्या स्क्रूवर) पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत ऑइलखाली बुडवलेलं.

"दाब."

"दाबलं, दादा."

"धरून ठेव." निपल पाव आटा सैल. काळपट ऑइल, मागोमाग बुडबुड्यांची माळ. निपल आवळला. "आता सोड."

पुढच्या कॅलिपरला आतला आणि बाहेरचा असे दोन निपल आहेत, दोन्हींतून काढावं लागतं. नळीतून स्वच्छ, बिनबुडबुड्याचं ऑइल येईपर्यंत हेच. मधूनमधून डबीकडे लक्ष, ती रिकामी झाली की हवा आत आणि सगळं पहिल्यापासून. रंगावर एक थेंब पडला तरी लगेच पाण्याने धुवायचा, हे ऑइल रंग खातं. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत ब्रेकच्या बूस्टरमध्ये आणि एबीएसमध्ये अडकलेली हवा काढायला निदान यंत्र जोडून सर्व्हिस मोड चालू करावा लागतो. माझ्या गाडीतही करावा लागतो, तो आधी केला.

शेवटी भावाने पेडल दाबून बघितलं. "दादा, दगड आहे हा आता." हेच ऐकायचं होतं.

रबरी होज पाइपांच्या जागी स्टीलच्या जाळीचे बसवले. यांनी फेड कमी होत नाही. दाबाखाली रबरी पाइप किंचित फुगतो, तो फुगणं थांबतं, एवढंच. पण पेडलचा आधार नक्की झाला की ऑइल बिघडू लागल्याचं लवकर कळतं, म्हणून मला ते हवे होते.

३१ ऑगस्ट

पॅड. ट्रॅकचे पॅड घेतले, पुढे आणि मागे एकाच कुळातले. फक्त पुढचे बदलले असते तर पुढचं घर्षण वाढून ब्रेकचा तोल पुढे सरकला असता, मागचे ब्रेक कामचुकार झाले असते आणि सगळी उष्णता पुन्हा पुढेच. दोन टनाच्या गाडीत मागच्या डिस्कनेही आपला वाटा उचलायला हवा.

पॅड आणि पिस्टनच्या मधे टायटॅनियमची पातळ चकती घातली. टायटॅनियमचा जो मिश्रधातू यासाठी वापरतात त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पोलादाच्या कितीतरी खाली असते. डिस्क तेवढीच तापेल, पण ऑइलपर्यंत पोचणारी उष्णता कमी होईल. पॅडची जाडी हीसुद्धा एक भिंतच आहे. झिजलेला पॅड ब्रेक लावतो, पण उष्णता अडवत नाही. म्हणून ट्रॅकवर पॅड अर्धा उरला की बदलायचा, तळापर्यंत वापरायचा नाही.

३ सप्टेंबर

नवे पॅड डिस्कशी जुळवून घेतले. मोकळ्या, सुरक्षित जागी मध्यम वेगावरून एकापाठोपाठ एक ब्रेक, हळूहळू जोर वाढवत, पूर्ण न थांबता. मग ब्रेकला हात न लावता बराच वेळ गाडी फिरवून थंड. डिस्कवर पॅडच्या पदार्थाचा एकसारखा पातळ थर चढायला हवा. तो सगळीकडे सारखा राखाडी दिसतोय. हे नीट झालं नाही की नंतर पेडल थरथरतं आणि लोक डिस्क वाकली म्हणतात. बहुतेक वेळा डिस्क सरळच असते, थर ठिगळाठिगळांनी बसलेला असतो.

यासाठी रिजन शक्य तितका खाली आणावा लागला, नाहीतर मोटरच काम करून जाते आणि पॅड तापतच नाहीत.

१४ सप्टेंबर

ट्रॅक. आजच्या नोंदीसाठीच मी हा सगळा उद्योग लिहून ठेवतोय.

पॅड आणि ऑइल दोघांनीही काम चोख केलं. पेडल शेवटपर्यंत वर. पण कॅलिपरवर लावलेल्या तापमानपट्ट्या आणि लॉगर घरी शेजारी ठेवून पाहिले तेव्हा वेगळंच काहीतरी दिसलं. सेशनच्या दुसऱ्या अर्ध्यात ब्रेकवरचा भार वाढला आहे. वेग तोच, ब्रेकच्या जागा जवळजवळ त्याच, पण हायड्रॉलिक दाब आधीपेक्षा जास्त वेळ धरलेला.

कारण रिजनच्या रेषेत आहे. सुरुवातीला ती ७० ला टेकत होती. बॅटरी तापत गेली तशी गाडीने चार्जिंगचा प्रवाह आवरता घेतला आणि रेषा पायरीपायरीने खाली आली, शेवटी सुरुवातीच्या अर्ध्याहूनही कमी. बॅटरी स्वतःला वाचवतेय, ते बरोबरच आहे. पण परिणाम असा की डिस्क सगळ्यात जास्त तापलेल्या असताना नेमका मदतीचा हात काढून घेतला जातो.

दुसरा परिणाम पायाला जाणवतो. पाय उचलल्यावर गाडी जितकी ओढली जायची तितकी आता ओढली जात नाही. ब्रेक दाबायच्या आधीचा तो क्षण बदलतो आणि वळणात गाडीचं नाक टेकण्याची सवय चुकते. ड्रायव्हरला वाटतं ब्रेक गेले, प्रत्यक्षात ब्रेक जागेवर असतात आणि रिजन गेलेला असतो. फेड ओळखण्याच्या यादीत हे तिसरं कारण म्हणून लिहायला हवं, आणि ते फक्त याच जातीच्या गाड्यांचं आहे.

उलट बाजूही आहे. गाडी पूर्ण चार्ज करून ट्रॅकवर उतरलं तर भरलेल्या बॅटरीत जागाच नसते, पहिल्या फेऱ्यांत रिजन जवळपास शून्य. थंड बॅटरीतही तेच. म्हणजे रिजन सुरुवातीला नाही, मधे भरपूर, शेवटी पुन्हा कमी. एका सेशनमध्ये तीन वेगळ्या गाड्या.

९ ऑगस्टला जे ठरवलं ते आज आकड्यांनी पक्कं झालं. त्याच्या पुढचं पाऊल असं: ट्रॅक मोडमध्ये रिजन मुद्दाम खालच्या पातळीला बांधून ठेवायचा, म्हणजे तो पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत सारखा राहील. दर ब्रेकिंगला डिस्कवर दहा-पंधरा अंश जास्त चढतील. ते मी हवेने काढीन. बदल्यात पाय उचलल्यावर काय होईल हे प्रत्येक वेळी ठाऊक असेल. शिवाय रिजन म्हणजे बॅटरीत प्रवाह ढकलणं, त्यानेही ती तापते. रिजन कमी केला तर बॅटरी थंड राहायला तेवढी मदत.

काही जण याच्या अगदी उलट करतात, रिजन पूर्ण ठेवतात आणि वीज वाचवतात. ज्यांना सेशनमध्ये एका चार्जवर जास्त फेऱ्या हव्यात त्यांचं चूक नाही. मला अंदाज नक्की असणं जास्त मोलाचं वाटतं.

२१ सप्टेंबर

हवा. आधी फुकटच्या गोष्टी: चाकांवरची हवेचा विरोध कमी करणारी झाकणं काढली. रस्त्यावर ती वीज वाचवतात, ट्रॅकवर ती डिस्क कोंडतात.

मग डक्ट, म्हणजे ब्रेकपर्यंत हवा नेणारी वाट. हवा कुठे सोडायची हे महत्त्वाचं. डिस्कच्या तोंडावर हवा मारली तर एकच बाजू थंड होते, डिस्क वाकडी तापते. हवा डिस्कच्या मध्याशी, हबच्या (चाक जिथे बसतं त्या मधल्या भागाच्या) भोवती सोडायची. डिस्कच्या दोन थरांच्या मधल्या पाकळ्या ती आतून ओढून बाहेर फेकतात, डिस्क स्वतःच पंख्याचं काम करते.

बंपरच्या खालच्या जाळीमागे मोकळी जागा सापडली. रेडिएटरपुढची हवा चोरायची नाही, ही अट मी आधीच घातली होती. तिथून बॅटरी आणि मोटर थंड होतात, तिथे हात घातला तर एक दुखणं बरं करताना दुसरं वाढवायचं. पुठ्ठ्याचा साचा कापून बघितला, मग त्यावरून ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं तोंड केलं. पुढे ७५ मिलिमीटरची सिलिकॉनची, उष्णता सोसणारी लवचिक नळी. मागचा धूळपत्रा हबच्या बाजूने कापून नळीचं टोक तिथे बसवलं. पत्रा कापला की बॉल जॉइंटचं रबर आणि चाकाच्या वेगाच्या सेन्सरची वायर उघडी पडते. दोन्हींवर उष्णता परतवणारं वेष्टण चढवलं.

स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून, गाडी जॅकवर लटकवून आणि मग पूर्ण दाबून, तिन्ही अवस्थांत नळी टायरला लागते का ते बघितलं. डाव्या बाजूला पूर्ण वळणावर घासत होती. कंस दोन बोटं आत सरकवला.

२८ सप्टेंबर

नवीन रंगाचे ठिपके, नवीन तापमानपट्ट्या. बाकी काही नाही.

५ ऑक्टोबर

ट्रॅक, सगळं एकत्र. पुढच्या डिस्कवर हिरवा बदलला, नारिंगी शाबूत. म्हणजे ४३० आणि ५६० च्या मधे, ट्रॅकच्या पॅडचं हे हक्काचं क्षेत्र. पेडल पहिल्या फेरीत जिथे होतं तिथेच शेवटच्या फेरीत. पाय उचलल्यावरचा ओढाही सारखा.

चालवण्याच्या पद्धतीवर आज मुद्दाम काम केलं. लांब पट्ट्याच्या शेवटी १८० पर्यंत न जाता १७० ला पाय उचलायचा. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, तो हिशोब इथे आपल्या बाजूने धावतो: १७० वरून ७२ वर येताना १८० च्या तुलनेत १३ टक्के ऊर्जा कमी जिरवावी लागते. पट्ट्याच्या शेवटी हा फरक काही मीटरांचा, वेळेत सेकंदाचा लहानसा हिस्सा. इलेक्ट्रिक गाडी वळणातून इतक्या जोरात बाहेर पडते की प्रत्येक छोट्या पट्ट्यावरही वेग भरपूर साठतो आणि तो सगळा पुढच्या वळणावर डिस्कच्या अंगावर येतो. कुठे वेग कमवणं महाग पडतं हे ठरवायला लागलं की फेऱ्या वाढतात.

ब्रेक लावायचा तो एकदाच, ठाम, आणि सोडायचा. हलका पाय टेकवून लांबवर घासत नेलं तर ऊर्जा तेवढीच जाते, पण डिस्कला मधे थंड व्हायला मिळणारा वेळ कमी होतो. भीतीपोटी आधीपासून हलका पाय ठेवण्याची सवय जड गाडीत फार पटकन लागते. ती सोडवायला आधी ब्रेकवर विश्वास बसावा लागतो, आणि तो आज बसला.

शेवटची फेरी थंड करण्याची. इथे रिजन पूर्ण वर. कमी वेगात तो चांगला ओढतो, बॅटरी गरम असली तरी तेवढ्या सौम्य ब्रेकिंगला पुरतो, आणि सबंध फेरी ब्रेक पेडलला पाय न लावता पूर्ण होते. डिस्कवर नुसता वारा. रिजनचा ट्रॅकवरचा सगळ्यात चांगला उपयोग मला हाच सापडला.

६ ऑक्टोबर

चाकं काढून मापं घेतली. पुढचे पॅड आता सरळ झिजताहेत, तिरपेपणा मागच्यापेक्षा खूप कमी. पिस्टनवरची रबरं मऊ.

मागचे पॅड मात्र अपेक्षेपेक्षा जास्त गेलेत, आणि आतल्या बाजूच्या चाकाचा जास्त. आमच्या ट्रॅकवर बहुतेक वळणं उजवी आहेत, उजवा मागचा पॅड डाव्यापेक्षा पातळ. हे पेडलने झालेलं नाही. स्थिरता राखणारी प्रणाली वळणातून बाहेर पडताना आतलं चाक ब्रेकने धरते, ड्रायव्हरला न सांगता. लॉगरमध्ये पेडल सुटलेलं असताना मागच्या उजव्या चाकाचा वेग क्षणभर पडताना दिसतो. पुढच्या वेळी ट्रॅक मोडमधली तिची मध्यस्थी एक पायरी कमी करून बघणार, पूर्ण बंद नाही.

मोठ्या डिस्कचा विचार तूर्त बाजूला. जास्त वजनाची डिस्क म्हणजे उष्णता साठवायला जास्त जागा, हे खरं. पण चाकही मोठं लागेल आणि स्प्रिंगखालचं वजन वाढेल. आत्ताचं तापमान पॅडच्या क्षेत्रात बसतंय तोवर गरज नाही.

ट्रॅकचे पॅड उतरवून रस्त्याचे परत लावले. थंड असताना ट्रॅकचा पॅड नीट पकडत नाही, आणि रिजनवर चालणाऱ्या गाडीत रस्त्यावर ब्रेक कायम थंडच असतात. अचानक ब्रेक मारावा लागला तर पहिला चावा तिथेच हवा. ट्रॅकच्या पॅडची धूळ ओली झाली की गंजते, म्हणून चाकं आतून धुतली. नट टॉर्क पान्याने आवळले, थोडं चालवून पुन्हा तपासायचे आहेत. पुढच्या ट्रॅकआधी ऑइल पुन्हा ताजं, मागे उजवीकडे नवीन पॅड, आणि बदलताना जोडीने, एकटा नाही.